बाझं दाक

माझं नाक बंद झालं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि उघडलं तेव्हा चाळिशीला टेकलो होतो. मधली चौदा वर्षं मी तोंडाने श्वास घेतला. लोकांना वाटतं, नाक चोंदलं म्हणजे सर्दी. सर्दी पाहुण्यासारखी येते, चार दिवस सगळ्यांना छळते आणि जाते. माझ्याकडे आलेली बाई सामानसुमान घेऊन कायमची राहायलाच आली होती. काढे झाले, वाफारे झाले, शेजाऱ्यांचे सल्ले झाले, आणि मग सगळ्यांनी तो माझा स्वभावच धरून चालायला सुरुवात केली. मीसुद्धा.

नाक बंद असलं की जग जरा लांबून येतं. सकाळी उठायचो तो झोपलोच नव्हतो असा. डोकं जड, जीभ कोरडी, आणि समोरचा माणूस बोलला की त्याचे शब्द ओठांवरून निघून माझ्यापर्यंत पोचायला दोन पायऱ्या जास्त चढायचे. खिडकीत ऊन असायचं, पण ते दुसऱ्याच्या घरात पडल्यासारखं वाटायचं. कशालाच वास नव्हता. साबण, पाऊस, दूध, माणसं, सगळी एकाच रंगात रंगवल्यासारखी. मी दिवसभर अर्धवट झोपेत चालत होतो आणि झोपेत अर्धवट जागा होतो.

त्यात माझं काम गाद्यांच्या कारखान्यात. एक लांबलचक खोली, उंचावर खिडक्या, टोकाला कापूस पिंजायचं यंत्र. त्यातून निघालेला कापूस उन्हाच्या पट्ट्यात हळूहळू तरंगत राहायचा, खाली यायची घाई नसल्यासारखा. माझ्या हातात कोपरापासून मनगटापर्यंत लांबीची सुई असायची. ती खोळीतून आत घालायची, खालून ओढायची, गाठ मारायची, पुढचा टाका. गादी पूर्ण झाली की तिच्यावर उताणं पडायचं, डोळे मिटायचे आणि मनात शंभर आकडे मोजत पाठीने गाठी शोधायच्या. हे शेवटचं काम मालकीणबाईंनी मुद्दाम मला दिलं होतं. त्या म्हणायच्या, ज्याला झोप येते तो दगडधोंड्यांवरही झोपतो, त्याला गादीतलं काय कळणार.

शंभर मोजता मोजता मी साठ-सत्तरच्या आसपास कुठेतरी जायचो. झोप नव्हे ती. एक घर दिसायचं, मोठं, पांढऱ्या भिंतींचं. त्यात मी दार शोधत फिरायचो. बाहेर वारा वाहतोय हे कळायचं, पडदे हलायचे, पण दाराच्या जागी दोन कोनाडे शेजारी शेजारी, विटांनी बुजवलेले. मी विटांना कान लावून उभा राहायचो. मग कुणीतरी हाक मारायचं आणि मी एक्क्याहत्तर म्हणत उठून बसायचो.

कारखान्यात मला घुम्या म्हणायचे. ते अगदीच खोटं नव्हतं, पण त्यामागचं कारण कुणाला ठाऊक नव्हतं. बंद नाकाने म आणि न म्हणता येत नाहीत. म चा ब होतो, न चा द. ‘माझं नाक’ म्हणायला गेलं की ‘बाझं दाक’ बाहेर पडतं. पहिल्या वर्षी सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या वर्षी मी एकटाच हसायचं थांबलो. मग मी हळूहळू म आणि न नसलेले शब्द वेचून ठेवले आणि त्यांच्यावरच भागवायला लागलो. हो. ठीक. बघतो. करतो. चालेल. विशेषतः चालेल. त्या शब्दात नाकाचं काहीच काम नाही.

आता आपल्या भाषेतला सगळा नकार न पासून सुरू होतो. नको, नाही, नसेल, नव्हतं. मी कशालाच नको म्हणेनासा झालो. जास्तीचं काम, चालेल. माझी रजा दुसऱ्याला, चालेल. एका मुलीशी माझं ठरत आलं होतं, तिने दुसरीकडे जमवलं आणि मला येऊन विचारलं, तुला राग तर नाही ना आला. चालेल, म्हणालो मी, आणि घरी येऊन तीन दिवस भिंतीशी भांडलो. इतरांचा राग म्हणे नाकाच्या शेंड्यावर असतो. माझा आतच कोंडून पडलेला होता, आणि तो भलत्याच वेळी, भलत्याच माणसावर, बादली सांडल्यासारखा सांडायचा. मग लोक लांब राहू लागले. मला ते बरंच वाटलं, आणि फार वाईटही वाटलं.

मग ताई आली. माझी थोरली बहीण. नवरा तिला सातव्या महिन्यात सोडून कुठल्याशा लांबच्या गावी गेला आणि तिथून फक्त सह्या करायचे कागद आले. ती एक पेटी आणि मोठं पोट घेऊन माझ्या दोन खोल्यांत राहायला आली. विचारलं, राहू का? चालेल, म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मनापासून म्हणालो असेन.

मुलगी झाली. तिच्या खऱ्या नावात दोन न आणि एक म आहे, ताईने माझा विचार न करता ठेवलेलं. मी तिला ठकी म्हणू लागलो आणि आठवड्याभरात सगळेच म्हणू लागले. ताई पावाच्या भट्टीत कामाला लागली, पहाटे जायची ती दुपारी यायची. तोवर ठकी माझ्याकडे. मी तिला दूध पाजायचो, आंघोळ घालायचो, आणि पाठुंगळीला बांधून कारखान्यात न्यायचो. कापसाच्या ढिगात ती तासन्‌तास झोपायची. नाकपुड्या बारीक हलायच्या, आवाज नाही, घरघर नाही. इतका सोपा श्वास मी कुणाचा इतक्या जवळून पाहिला नव्हता. मी टाके घालायचे सोडून बघत बसायचो.

ती बोलायला लागली तेव्हा मी तिला समोर बसवलं, छातीवर हात ठेवला आणि शिकवलं, मामा. पण बाहेर काय पडलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ठकीने माझ्या ओठांकडे नीट पाहिलं, आपले ओठ जुळवले आणि स्पष्ट म्हणाली, "बाबा."

ताई पोट धरून हसली. मग मला म्हणाली, अरे मामा म्हण, मामा. मी म्हणालो, बाबा, बाबा. ठकी टाळ्या पिटायला लागली. त्या दिवशी आम्ही तिघंही खूप हसलो. पुढे ताईने दोन-चारदा तिला दुरुस्त केलं, पण भट्टीतून दमून आलेल्या बाईत भांडायची किती ताकद असणार. हळूहळू तीच म्हणायला लागली, जा, बाबाला बोलव जेवायला.

खरं सांगायचं तर सगळा दोष नाकाचा नव्हता. मी बोटाने ताईकडे खूण करून तिच्याकडून म्हणवून घेऊ शकलो असतो. मालकीणबाईंना तिला शिकवायला सांगू शकलो असतो. मी काहीच केलं नाही. सगळे शब्द गाळून गाळून बोलणाऱ्या माणसाला एक शब्द आपणहून मिळाला होता. कारखान्याच्या दारातून ठकी ‘बाबा’ अशी हाक मारत धावत यायची तेव्हा माझ्या डोक्यातलं धुकं क्षणभर बाजूला व्हायचं. मी त्या शब्दावर साडेतीन वर्षं जगलो.

मग ताईच्या डोळ्यांना नंबर लागला. चष्म्याच्या दुकानातला माणूस तिच्याशी चष्म्यापेक्षा जरा जास्त बोलला, आणि चष्मा सैल होतोय म्हणून ती त्या महिन्यात चार वेळा जाऊन आली. चष्मेवाले घरी येऊ लागले. मी त्यांच्यात खोट शोधायचा फार प्रयत्न केला. नाक मुरडावं असं काही सापडेना. हळू बोलायचे, ठकीच्या उंचीला येऊन बसायचे, तिला भिंगातून मुंगी दाखवायचे. माझं चोंदलेलं बोलणं त्यांनी एकदाही हसण्यावारी नेलं नाही. मला त्याचाच जास्त राग आला.

त्यांनी लग्न करायचं ठरवलं. ताई आणि ठकी त्यांच्या घरी राहायला जाणार होत्या, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हे सगळं ताईने भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता सांगितलं. मग म्हणाली, "एक मागू का तुझ्याकडे? तिला मामा म्हणायला शिकव. मी सांगून बघितलं, ऐकत नाही. म्हणते, तोच म्हणतो ना, तो बाबा आहे."

ताईचे हात थांबले.

"तू सांगितल्याशिवाय ती सोडायची नाही," ती म्हणाली. "आणि तिने सोडलं नाही तर त्यांना तिच्या आयुष्यात जागाच व्हायची नाही. ते काही म्हणत नाहीत. पण मला दिसतं."

चालेल, म्हणालो मी. दुसऱ्या दिवशी ठकीला आरशापुढे बसवलं, तिची बाहुली हातात दिली आणि सगळा जीव एकवटून म्हणालो, मामा. बाबा, म्हणाला आरसा. मी कपाळावरची शीर तटतटेपर्यंत जोर लावला. बाबा. ठकी म्हणाली, हो, माहीत आहे मला. आणि बाहुलीची वेणी घालायला लागली.

म्हणून मी नाकाच्या डॉक्टरांकडे गेलो. चौदा वर्षं मोकळा श्वास मिळावा म्हणून गेलो नव्हतो, झोप यावी म्हणून गेलो नव्हतो, कारण सुरीची भीती वाटायची. आणि त्याहून जास्त भीती, नाक उघडलं आणि मी आहे तसाच राहिलो तर.

डॉक्टरबाईंनी दिवा लावून आत पाहिलं. मधलं हाड वाकडं होतं आणि दोन्हीकडे मांस वाढलं होतं. मग दिवा बंद करून त्यांनी भलतेच प्रश्न विचारले. सकाळी थकवा असतो का. विसरायला होतं का. चिडचिड होते का, आणि नंतर पश्चात्ताप. लोकांत जायचं टाळता का. आपण कुणाला नकोसे आहोत असं वाटतं का. मी हो, हो म्हणत गेलो. चौदा वर्षं जे मी माझा स्वभाव म्हणून सांभाळलं होतं ते ही बाई एका कागदावर, एकाखाली एक, लिहून काढत होती. मी कसंबसं विचारलं, हे सगळं दाक? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाक उघडेल. बाकीचं किती नाकामुळे होतं, ते तुम्हालाच कळेल. थोडा वेळ लागेल."

शस्त्रक्रिया झाली. दोन दिवस नाकात पट्ट्या कोंबलेल्या होत्या आणि मी एरवीपेक्षाही जास्त बंद होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी त्या ओढून काढल्या. डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग आत काहीतरी गार शिरलं. मी दचकलो. ती हवा होती. ती डोळ्यांच्या मागून कुठेतरी वर गेली, पसरली आणि सावकाश खाली उतरली. मी पलंगावर बसून बराच वेळ तेवढंच करत राहिलो. नर्सने येऊन विचारलं, काही होतंय का. मी म्हणालो, नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा. नर्स गेल्यावर न्हाणीघराचं दार लावून मी नळ सोडला आणि हळूच म्हणालो, मामा. दोन्ही म शाबूत होते. मला आनंद व्हायला हवा होता.

घरी आल्यावर मी झोपलो ते दुसऱ्या दिवशी दुपारीच उठलो. ते पांढरं घर दिसलं नाही. काहीच दिसलं नाही. उठलो तेव्हा खोलीत एक उबदार, जरासा आंबूस, गोड वास होता आणि तो कुठून येतोय ते मला कळेना. ताई पायाशी बसून कपडे घडी करत होती. वास तिच्या अंगाला येत होता. पावाचा. चार-साडेचार वर्षं माझी बहीण रोज पावाच्या वासाने घरी येत होती आणि मला पत्ता नव्हता. जगाने मागचा सगळा हिशेब चुकता करायला काढावा तसे पुढचे काही दिवस गेले. जिन्याला ओल्या चुन्याचा वास होता, सुईला लोखंडाचा. मालकीणबाईंनी रविवारी येशील का विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, बरं, कामाला नको येऊस, पण किल्ली राहू दे तुझ्याकडे, आपणहून यावंसं वाटलं तर.

आता माझ्याकडे सगळे शब्द होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, ताई भांडी कागदात गुंडाळत होती. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, न आणि म यांनी भरलेलं. नेऊ नकोस. माझी आहे ती. ताईने वर पाहिलं आणि म्हणाली, बोल ना. तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेला हलकेपणा होता, आणि त्याच्या खाली भीती, मी काय बोलेन याची.

"चालेल," मी म्हणालो.

तिला काय चालेल ते विचारावं लागलं नाही. ती उठली आणि माझ्या खांद्याला डोकं टेकून जरा वेळ उभी राहिली.

रविवारी दुपारी मी ठकीला घेऊन कारखान्यात गेलो. कुणी नव्हतं. यंत्र बंद होतं, तरी हवेत कापूस होता, शनिवारचा, अजून खाली न बसलेला. मधोमध एक मोठी गादी तपासायची राहिली होती. आम्ही दोघं तिच्यावर उताणे पडलो. ऊन पायांवर होतं. ठकी माझ्या दंडावर डोकं ठेवून वरच्या तरंगत्या धाग्यांना बोटं दाखवत होती. तिच्या केसांना दुधाचा आणि उन्हाचा वास होता. मी तो घेत राहिलो. आकडे मोजले नाहीत.

मग मी उठून बसलो, तिला समोर बसवलं आणि छातीवर हात ठेवला.

"मामा," मी म्हणालो.

तिने माझ्या ओठांकडे पाहिलं. मग माझ्या मागे वाकून पाहिलं, तिथे आणखी कुणी आहे का ते.

"तुझा आवाज कुठे गेला?"

"हाच माझा आवाज आहे. आधी नाक बंद होतं ना, म्हणून मला नीट म्हणता येत नव्हतं. मी तेव्हाही मामाच म्हणत होतो. तुला बाबा ऐकू यायचं."

तिने यावर विचार केला. तिचं विचार करणं दिसायचं, खालचा ओठ पुढे यायचा.

"मग बाबा कोण होता?"

मला वाटलं होतं ती रडेल, हट्ट करेल. त्याची मी तयारी करून आलो होतो. याची नव्हती. वरचा एक धागा गिरक्या घेत घेत आमच्या मधून खाली गेला.

"कोणी नव्हता," मी म्हणालो. "नुसती चूक होती, माझी. आता खरे बाबा येणार आहेत. चष्मेवाले. त्यांना म्हणायचं बाबा. मी मामा."

"तू कुठे जाणार?"

"कुठे नाही. इथेच. तू यायचं माझ्याकडे, कापसात लोळायला."

"म्हणजे तू तूच आहेस."

"मी मीच आहे."

तेवढ्यावर तिचं समाधान झालं. मुलांचं होतं. तिने ओठ जुळवले आणि चाखून बघितल्यासारखं म्हणाली, "मामा." मग जरा मोठ्याने. मग गादीवर उभी राहिली आणि उड्या मारत, प्रत्येक उडीला एकेक, मामा, मामा, मामा, असं त्या रिकाम्या खोलीत ओरडत सुटली. किती सहज म्हणत होती. मी हसत होतो, टाळ्या वाजवत होतो, आणि कधी रडायला लागलो ते मला कळलं नाही. डॉक्टरांनी रडू नका असं काही सांगितलं नव्हतं. नाक वाहायला लागलं.

ठकी धापा टाकत माझ्यापुढे येऊन बसली. "आता तू म्हण."

मी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, श्वास घ्यायला गेलो तर तो नाकातून येईना. तोंड उघडून घेतला आणि म्हणालो, "बाबा."

ठकीने मान हलवली. माझी हनुवटी दोन्ही हातांत धरून तिने माझं तोंड आपल्याकडे वळवलं, आणि न चिडता, अगदी सावकाश, मला शिकवायला लागली.

"बाबा नाही. मामा. म्हण. मा, मा."